चौदा तारखेची हजेरी

सही करून झाली, त्यावर टिपकागद फिरवून झाला, शाळेचा गोल शिक्का नीट मधोमध बसला, आणि मग ठेकेदाराचा मुनशी कागदाची घडी घालता घालता म्हणाला, "चौथी वाली का तो हाथ ही चला गया बहनजी. मंगल को. स्कूल से लौटते में कहीं खेल रही होगी बेचारी." हे तो इतक्या सहज बोलला की वसुंधरेनं आधी सवयीनं मान हलवली. मान हलवून झाल्यावर तिला ऐकू आलं. तोवर मुनशी छत्री काखेत मारून शेडच्या बाहेर पडला होता आणि सायकलवर टांग टाकत होता. आत पत्र्याखाली पहिलीची मुलं पाढे ओरडत होती. टेबलावर हजेरीपट उघडा होता. शनिवार, अठरा ऑक्टोबर, एकोणीसशे अठ्ठावन्न. भिलाईच्या मजूर कॅम्पातल्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका वसुंधराबाई टेकाडे यांनी नुकतंच लिहून दिलं होतं की ठेकेदाराच्या मजुरांच्या पाच मुली सोमवारी तेरा आणि मंगळवारी चौदा तारखेला शाळेत हजर होत्या. चौथं नाव ठकूबाई. आणि खाली त्यांच्याच वळणदार अक्षरात: खरी नक्कल.

मुनशी आला तेव्हा तिला आनंद झाला होता, हीच गोष्ट आता घशाखाली उतरत नव्हती. दीड वर्षात साइटवरून शाळेकडे कोणी फिरकलं नव्हतं, प्यायला पाणी मागायलासुद्धा नाही. आणि आज हा धोतर-कोटातला माणूस हात जोडून समोर उभा. "ऊपर दिखाना है बहनजी, कि हमारे मज़दूरों की बच्चियाँ पढ़ती हैं." पाच नावं त्यानं चिठ्ठीवर लिहून आणली होती. दोनच दिवसांची हजेरी हवी होती. दोनच का, हे विचारावंसंही तिला वाटलं नाही. उलट तिनं पदरानं खुर्ची पुसून दिली, मडक्यातलं पाणी दिलं, आणि रेघा आखून पाच ओळी स्वतःच्या हातानं उतरवल्या. "क्या साफ़ रजिस्टर रखती हैं आप," तो म्हणाला होता. आणि बाईसाहेब खुलल्या! चाळिशी उलटलेली, वीस वर्षं खडूची भुकटी खाल्लेली बाई एका मुनशीच्या शाबासकीनं खुलली. नक्कल म्हटली की मूळ कागद बघायचा, अक्षर न् अक्षर जुळवायचं आणि खाली सही ठोकायची, ही मुख्याध्यापकाच्या हाताला लागलेली सवय. तिथं डोकं लागतच नाही. आणि नक्कल खरीच होती, तिच्यात काडीची चूक नव्हती. खोटं होतं ते मूळ.

पटावर एकशे बारा मुलं होती. शेडमध्ये येत होती सत्तेचाळीस, पावसात चाळीस. वरून परिपत्रक होतं की सरासरी हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली तर दुसरा शिक्षक काढून घ्यावा आणि मंजूर झालेल्या दोन पक्क्या खोल्या दुसऱ्या शाळेला द्याव्यात. पंचाहत्तर टक्के म्हणजे चौऱ्याऐंशी. म्हणजे रोज सदतीस मुलं वसुंधरा शाईतून जन्माला घालत होती. आलेल्यांचे 'उ', म्हणजे उपस्थित, रोजच्या रोज भरायचे, बाकीच्या चौकटी कोऱ्या ठेवायच्या आणि शनिवारी शाळा भरायच्या आधी बसून आठवडा पुरा करायचा. तिचा एकुलता एक सहायक ओमप्रकाश, रायपूरकडचा, याला 'रोपा लगाना' म्हणायचा, चिखलात भाताची रोपं लावतात तसं. तिला ते आवडायचं नाही, पण रोपं ती अगदी जीव ओतून लावायची. सरसकट 'उ' ओढले तर कोणाच्याही डोळ्यांवर येतं. म्हणून न येणाऱ्या मुलांनाही ती अधूनमधून गैरहजर ठेवायची. कोणाला बाजारात पाठवायची, कोणाच्या घरी पाहुणे आणायची. ठकूला तिनं सप्टेंबरात दोन दिवस ताप दिला होता. आणि चौदा तारखेचा 'उ' तिनं भरला होता आज सकाळी, पोरीचा हात जाऊन चार दिवस झाल्यावर. पंधरा, सोळा, सतरालाही 'उ'. पोरगी दवाखान्याच्या खाटेवर पडली होती आणि इकडे रोज वेळेवर शाळेत येत होती. 'अ' लिहायला काय लागत होतं? तेवढीच शाई. पण चौदाला तिनं वरच्या ओळीतल्या प्रेमलाला गैरहजर ठेवलं होतं, कारण प्रेमलाला गेल्या आठवड्यात फार 'उ' झाले होते.

आणि तिला कळलंच नव्हतं असंही म्हणायची सोय नव्हती. बुधवारी मुलं सांगत होती, काँक्रीटच्या मिक्सरमध्ये एका पोरीचा हात गेला म्हणून. तिनं टेबलावर पट्टी आपटून "चलो, लाइन में बैठो" म्हटलं होतं. कॅम्पात रोज कोणाचं ना कोणाचं काही जायचं, बोट, पाय, डोळा. कोणकोणाचं विचारत बसायचं? पण असं निदान मनाशी तरी म्हणावं! तेवढीही तसदी तिनं घेतली नव्हती. त्या दिवशी टकळीचा तक्ता भरायचा होता. दर मुलानं किती तार सूत काढलं याचा वेगळा तक्ता जायचा वरती. शेडच्या मागं मैलभर लोखंड उभं राहत होतं, रशियन साहेबांच्या मोटारी धूळ उडवत जात होत्या, आणि इकडे सत्तेचाळीस पोरं मांडी घालून टकळ्या फिरवत होती. कापूस आला नसला की नुसत्याच फिरवत होती. ओमप्रकाश हसायचा. ती कधी हसली नव्हती, कारण यासाठीच एकेकाळी ती घरात भांडून निघाली होती. अठ्ठेचाळीस साली, वर्ध्याकडच्या प्रशिक्षण वर्गाला. "झाडू मारणं शिकाले वर्ध्याले जाते काय वं?" सासूनं विचारलं होतं. देवीदासनं, नवऱ्यानं, तेव्हा तो नुकता रेल्वेत गार्ड झाला होता, तिची वळकटी स्वतः डब्यात चढवून दिली होती. तिथं सहा महिने तिनं संडास साफ केले, वांगी लावली, सूत काढलं, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'हातानं शिकलेलं मूल विसरत नाही.' दोनदा अधोरेखित करून. आता हा देश शाळेतूनच उभा राहणार, याविषयी तिला तेव्हा तिळभर शंका नव्हती. दहा वर्षांत त्या श्रद्धेचं परिपत्रक झालं, परिपत्रकाचा तक्ता झाला, तक्त्याचे टक्के झाले. आणि टक्के भरायला कोण बसलं? तीच. बाहेरून कोणी दुष्ट माणसं शाळेत घुसली नव्हती. दौत तिची, टाक तिचा, अक्षर तिचं. तिनं हजेरीपट रागानं मिटला. राग नेमका कोणावर आहे ते सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नव्हतं म्हणून आणखी चीड येत होती.

भागाबाईच्या झोपडीत ती स्वतः गेली होती. जुलैतला नावनोंदणीचा पंधरवडा होता. सहा ते अकरा वयाचं एकही मूल पटाबाहेर राहू नये असा हुकूम होता. बाकीच्या झोपड्यांत कोणी तेलुगू, कोणी उडिया, कोणी छत्तीसगढी. तिथं ओमप्रकाश हातवारे करून भागवायचा. ही एक झोपडी आपल्या बोलीची निघाली. भागाबाई गोंदियाकडची, नवऱ्यानं टाकलेली, दहा वर्षांच्या एकुलत्या पोरीला घेऊन रेल्वेच्या कडेकडेनं कामं करत इथवर आलेली. चुलीपुढं बसून ती म्हणाली होती, "लिवून काय होते बाई? थे तं माह्यासंग कामावर येते. तिच्याबिगर माह्या मातीच्या पाट्या पुऱ्या होत नाई."

"नुसतं नाव दे," वसुंधरा म्हणाली होती. "रोज नाही आली तरी चालते. नावानं कोणाचं काय बिघडते?"

आपल्या बोलीत सांगितलेलं माणसाला खोटं वाटत नाही. भागाबाईनं नाव दिलं. ठकू तीन दिवस आली. अंगानं किडकिडीत, केसांत सिमेंटची राख, आणि पाटीवरून नजर न हलवणारी. तिसऱ्या दिवशी तिनं 'ठ' काढला, अगदी गोल, आणि चौथ्या दिवसापासून ती कामावर गेली. वसुंधरेला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नाही. नाव पटावर आलं होतं, काम झालं होतं.

शाळा सुटल्यावर ती दुर्गच्या बसकडे न जाता दवाखान्याकडे वळली तेव्हा ओमप्रकाश मागून आला. "बहनजी, बात मत बढ़ाइए. नक्कल ही तो दी है. सोमवार को साहब आ रहे हैं, खोलियों का मुहूर्त है." तिनं त्याच्याकडे पाहिलं. चांगला पोरगा होता, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. दुसरा शिक्षक काढून घ्यावा असं परिपत्रकात होतं तो दुसरा शिक्षक म्हणजे हा. ती चालायला लागली. वाटेत ठेकेदाराच्या विटांचे ढीग होते. त्यातल्याच विटा शाळेच्या दोन खोल्यांना मिळणार होत्या, आणि त्याबद्दल तिनं जूनमध्ये आभाराचं पत्र लिहिलं होतं. आज तिला त्या ढिगांना लाथ घालावीशी वाटली. चाळिशीतली बाई विटांना लाथा घालताना कशी दिसेल या विचारानं ती आणखी भडकली.

ठेकेदाराचा दवाखाना म्हणजे कुडाच्या दोन खोल्या आणि चार खाटा. कामावर जखमी झालेल्यालाच तिथं खाट मिळायची. शेवटच्या खाटेवर ठकू होती. उजवा हात मनगटाच्या वर संपला होता आणि पुढं नुसता कापसाचा बोळा होता, पिवळा पडलेला. डोळे उघडे, पण बघत काही नव्हती. भागाबाई पायथ्याशी उभी होती, काखेत बोचकं. कंपाउंडर तिला जा म्हणत होता आणि ती हलत नव्हती. वसुंधरेला बघून तिचा चेहरा एकदम सुटला. "आल्या बाई तुम्ही! आता तुम्हीच सांगा याइले. हे म्हणून राहिले का ठकू कामावर नव्हतीच. शाळेत होती म्हणते. कागद आला म्हणते शाळेचा."

तिनं शंकासुद्धा घेतली नव्हती. वसुंधरेला वाटलं, हिनं आपल्या झिंज्या उपटल्या असत्या तर फार बरं झालं असतं. ती कंपाउंडरकडे वळली. "लड़की स्कूल में नहीं थी. काम पर थी."

कंपाउंडरनं खणातून कागद काढला. मुनशीची सायकल तिच्या पायांपेक्षा अर्थातच वेगानं धावली होती. "ये दस्तख़त आपका नहीं है?"

"मेरा है."

"मुहर?"

"मुहर भी मेरी है. पर झूठ है. मैंने झूठ लिखा है."

तो तिशीचा, थकलेला माणूस होता. त्यानं तिच्याकडे जरा दयेनंच पाहिलं. "बहनजी, काग़ज़ सरकारी है. आपकी बात ज़बानी है. मैं किसको मानूँ? कल सुबह खाट ख़ाली चाहिए."

मग भागाबाईच्या ध्यानात आलं. ती हळूहळू विचारत गेली, एखादी गाठ सोडवावी तसं. "तुम्ही लिवलं?" हो. "मंगळवारी थे शाळेत होती असं लिवलं?" हो. "कावून?" याला उत्तर होतं. पंचाहत्तर टक्के, दोन खोल्या, ओमप्रकाशची नोकरी, सहा ते अकरा, परिपत्रक. यातलं एकही या खाटेशेजारी तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. "चूक झाली माह्या हातून," वसुंधरा म्हणाली. भागाबाईनं बोचकं दुसऱ्या काखेत घेतलं. "मशीनमंदून तिचा हात म्या काढला बाई," ती म्हणाली. "मीच होती थितं."

रविवारी सकाळी देवीदास ड्यूटीवरून आला, चहा पिता पिता त्यानं सगळं ऐकलं, आणि म्हणाला, "तू कावून अंगावर घेते? हात काय तू कापला?" त्याचं बोलणं प्रेमाचं होतं. तिनं कप इतक्या जोरात ठेवला की बशी फुटली. या घरात, या गावात, या अख्ख्या योजनेत हात कोणीच कापलेला नव्हता. मुनशीनं नुसती नक्कल मागितली, कंपाउंडरनं नुसता कागद मानला, वरच्या साहेबांनी नुसते टक्के मागितले. सगळे कसे धुतल्या तांदळासारखे. बशीचे तुकडे न उचलताच ती दुर्गच्या गल्ल्यांतून शाळा तपासनीस मुलमुले साहेबांच्या घरी गेली. मुलमुले नागपूरचे. तिच्याआधी चार वर्षं त्याच वर्ध्याच्या वर्गातून शिकून आलेले. आताही अंगात स्वतः कातलेल्या सुताची बंडी होती. ओसरीवर बसून ते सुपारी कातरत होते.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या शांतपणाचीच तिला भीती वाटत आली होती. मग तिनं आपला हुकमाचा पत्ता टाकला, रात्रभर तोच तिनं जपला होता. "साहेब, पंधरा, सोळा, सतरालाही मी तिले हजर दाखवलं आहे. आणि त्याच दिवशी दवाखान्यात तिची खाट आहे. दोन्ही कागद समोरासमोर ठेवा. खोटं आपोआप उघडं पडते."

मुलमुल्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "अरे बापरे. बरं झालं बाई, सांगितलं तुम्ही. उद्या पहिलं काम हे करा. पंधरापासून 'अ' करा. लाल शाईनं, शेरा लिहा, आजारी. खाली सही, तारीख."

"आणि चौदा?"

"चौदा राहू द्या."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं आणलेलं एकुलतं एक खरं या माणसानं हातात घेऊन त्याचा खोट्याला टेकू केला होता, तोही सुपारी चघळता चघळता. "तिचा हात गेला साहेब!" ती इतक्या मोठ्यानं बोलली की आतून कोणीतरी डोकावलं. "दहा वर्षांची पोर आहे. तिले खाटेवरून काढून राहिले."

"ओरडू नका. मले ऐकू येते." मुलमुले थोडे पुढं वाकले. "चौदाचा एक 'उ' खोटा म्हणाल तर चौकशी लागेल. चौकशी एका 'उ'वर थांबते काय? अख्खा पट खोटा निघेल. शाळा बंद. तुम्ही घरी, तो ओमप्रकाश घरी. ठीक आहे, मोठी माणसं आहात. पण ती सत्तेचाळीस पोरं खरंच येऊन बसतात नं? त्यातली निम्मी आठ दिवसांत तगारी उचलतील. मग मोजत बसा हात." ते पुन्हा मागं टेकले. "मी काही राक्षस नाही बाई. माह्याकडे एकशे चाळीस शाळा आहेत. बाकीच्या एकशे एकोणचाळीस काय खऱ्या वाटतात तुम्हाला? आपण पेरून ठेवून राहिलो. उगवेल कधीतरी. उद्या अकराला येतो, ठेकेदाराची माणसंही येतील. पोरं जरा जास्त दिसली पाहिजेत."

परत येताना तिला शिव्यासुद्धा सुचत नव्हत्या, कारण त्यांचं म्हणणं साफ चूक नव्हतं. सत्तेचाळीस पोरं खरंच होती. त्यांची नावं तिला पाठ होती, कोणाला नऊचा पाढा येत नाही तेही पाठ होतं. शाळा गेली तर ती कुठं जातील हे तिला मुलमुल्यांनी सांगायची गरज नव्हती. हेच तर त्यांचं बळ. प्रत्येक खोट्याच्या पाठीमागं त्यांनी एक खरं मूल उभं केलं होतं, आणि ते मूल पुढं करून आणखी एक खोटं मागत होते. दीड वर्ष ती हेच स्वतःला सांगत आली होती, याच शब्दांत. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा किळस आली. एकदा वाटलं, पंधरापासून 'अ' करून टाकावेत आणि गप्प बसावं. ठकूचा हात काही परत येणार नाही. 'परत येणार नाही' या शब्दांशी ती अडली. ज्यांना काही करायचं नसतं ते सगळे याच शब्दांवर येऊन बसतात. हिशेब नीट होता. फक्त त्यात एक पोरगी खाटेवरून खाली उतरवली जात होती, या क्षणी, रविवारी सकाळी, उन्हात.

सोमवारी अकराला पाहुणे आले. मुलमुले, मुनशी, ठेकेदाराचा एक जाडा नातेवाईक. त्यांच्यासाठी कॅम्पातून मागून आणलेल्या खुर्च्या होत्या, आणि नारळ फोडायला दगड. भिंतीवर ओमप्रकाशनं रात्री जागून रंगवलेला तक्ता होता, 'शत प्रतिशत'. मुलं पन्नास जमली होती, लाडू मिळणार म्हणून तीन जास्त. वसुंधरेनं काही ठरवलं नव्हतं. म्हणजे तिला तसं वाटत होतं. पण टेबलावर निळ्या दौतीशेजारी लाल दौत तिनंच आणून ठेवली होती, आणि पाहुणे बसल्यावर, स्वागतगीत सुरू व्हायच्या आधी, हजेरीपट उघडून उभीही तीच राहिली. तिनं पहिलं नाव घेतलं. "हाज़िर," पोरगं ओरडलं. दुसरं नाव. कोणी बोललं नाही. ती थांबली, शेडमधली शांतता पुरती ऐकू येईस्तोवर थांबली, मग मोठ्यानं म्हणाली, "अनुपस्थित," आणि तसं लिहिलं. तिसरं, अनुपस्थित. पाचवं, अनुपस्थित. सातव्या नावाला एका पोरीला राहवलं नाही. "बहनजी, वो गिट्टी फोड़ने गई है." मग सगळ्यांनाच चेव आला. न येणाऱ्यांचे पत्ते मुलांना चांगले माहीत होते. हा ईंटा ढोथे, ती बच्चा राखथे, तो मिक्सरवर पाणी टाकतो. "बाई, हे आत्ता कशाला?" मुलमुले हसतमुखानं, दातांतल्या दातांत म्हणाले. "हजेरी आहे साहेब," ती म्हणाली, "रोजची." ओमप्रकाश तक्त्याखाली पांढराफटक पडला होता. तिला त्याची कीव आली, पण ती थांबली नाही. खरं बोलण्यात इतकी सुडाची चव असेल असं तिला वाटलं नव्हतं. प्रत्येक 'अनुपस्थित' ती मुलमुल्यांच्या अंगावर दगडासारखा भिरकावत होती, आणि आपल्याला यात मजा येते आहे हे कळून तिची तिलाच लाज वाटत होती. "प्रेमला." अनुपस्थित. "ठकूबाई."

"हाये जी," दारातून आवाज आला.

भागाबाई होती. तिच्यापुढं ठकू, फडक्यात बांधलेला हात पोटाशी धरून. कुंकवाच्या ताटाला वळसा घालून दोघी आत आल्या. भागाबाईनं कोणाकडे पाहिलं नाही, खुर्च्यांकडे नाही, मुनशीकडे नाही. "खाट काढून घेतली काल," ती वसुंधरेला म्हणाली. आवाजात राग नव्हता, व्यवहार होता. "आता कामाची नाई राहिली थे. झोपडीत एकली ठिवता येत नाई. तुमच्या पटावर नाव हाये म्हणते, तं बसवा तिले."

मग मुलमुले खुर्चीतून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा आनंद होता, तो खोटा असता तर तिला सोसला असता. "बघा! आली की नाही? मी काय म्हणत होतो?" मुनशी ठेकेदाराच्या नातेवाइकाच्या कानाशी वाकला, "पढ़ने वाली लड़की है जी." ठकू पुढच्या रांगेत लहान पोरांत जाऊन बसली. वसुंधरेनं टाक निळ्या शाईत बुडवला आणि आजच्या चौकटीत 'उ' लिहिला. मागच्या 'उ'सारखाच दिसत होता. उद्या कोणी पट उघडला तर या ओळीतला कोणता खरा, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तिनं लाल टाक उचलला. बोट मागं मागं नेत चौदावर आणलं, 'उ'वर आडवी रेघ ओढली, वर 'अ' लिहिला, बाजूला 'कामावर', खाली सही. पंधरा, सोळा, सतरा, खोडले. शेरा: दवाखान्यात, कामावर हात गेला. मग तेरा. मग अकरा. मुलमुले टेबलाशी येऊन उभे राहिले होते. "वसुंधराबाई, नोकरी जाईल," ते हळू म्हणाले. "जाऊ द्या." दहा. नऊ. पान उलटलं, सप्टेंबर आला, तिनं दिलेला ताप आला. ओळ लाल होत चालली होती. चिडून, दात आवळून, इतक्या वर्षांत केलं नव्हतं इतक्या मन लावून ती काम करत होती.

भागाबाई कधी टेबलाशी आली ते तिला कळलं नाही. तिला वाचता येत नव्हतं. पण बाईंचं बोट कोणत्या ओळीवर आहे हे तिनं मघापासून पाहिलं होतं, आणि लाल शाईनं सरकारी माणूस नावाचं काय करतो हेही तिला ठाऊक होतं; मस्टरवरून नावं अशीच जायची. तिनं वसुंधरेचं मनगट धरलं. पाट्या उचलून घट्टे पडलेला, दगडी हात. "खोडू नका नं बाई," ती म्हणाली, आणि आता पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. "इतके दिस नव्हती तवा लिवून ठिवलं. आता तं आली नं थे. आता कावून खोडता?"